घरचं काजळ

मेडशीच्या जगदेव पाटलाचा डावा डोळा गेला, आणि तो कोणी घेतला हे पोलिसांची गाडी पोचायच्या आधीच गावानं ठरवून टाकलं होतं.

"तांड्यावरची संगीता!" फोनवर हरीओम ओरडत होता. जगदेवचा एकुलता मुलगा. "बाबाच्या डोळ्यात विष घातलं तिनं. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगतलं, बाहेरून काहीतरी गेलं म्हून. तुमी येता का आमीच जाऊ तांड्यावर?"

"तुम्ही घरीच बसा," मालेगाव ठाण्याची उपनिरीक्षक साधना इंगोले म्हणाली. "तांड्यावर एक माणूस जरी गेला, तर पहिले तुम्हाला आत टाकीन."

फोन ठेवून तिनं जमादार किशन यांनी लिहून घेतलेली तक्रार हातात धरली. मग हात लांब केला. मग आणखी लांब केला.

"मॅडम, हात संपला आता," जमादार म्हणाले. "चष्मा घेऊन टाका."

"तुमचं अक्षर बारीक आहे."

"मागच्या वर्षी हेच अक्षर तुमाले दिसत होतं."

साधनानं त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून स्वतःच्या नाकावर चढवला आणि तक्रार वाचली. फिर्यादी हरीओम. जखमी जगदेव. संशयित संगीता धनराज, जगदेवच्या वावरात पूर्वी मजुरीला असलेली. गेल्या तुरीच्या हंगामात तिचा स्वतःचा डावा डोळा गेलेला. सोमवारी सकाळी तिनं जगदेवच्या वसरीत उभं राहून सगळ्यांसमोर म्हटलेलं, तुझाही डोळा जाईल. सोमवारी सांजेलाच तो गेला.

"इतकं सरळ?" साधना म्हणाली.

"सरळ असते कधीकधी."

"असतं. पण मग हरीओम इतका ओरडत नाही."

जीप निघाली. रस्त्यात तिनं अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"काचबिंदूचा झटका," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट एकदम बंद होते. आत दाब चढतो आणि मागची नस चिरडली जाते. डोळा लाल होतो, डोकं फुटायला येतं, उलट्या होतात. लोकांना वाटतं पित्त. पाटलांनाही तेच वाटलं. त्याच रात्री आणलं असतं तर कदाचित डोळा वाचला असता. आणलं दुसऱ्या दिवशी दुपारी."

"मग विष कुठून आलं?"

"बाहुली. डावी बाहुली टक्क मोठी होती, औषधालाही दाद देत नव्हती. उजवी नेहमीसारखी. असं धोतऱ्यानं होतं. पावसाळ्यात निंदणाऱ्या बाया येतात ना माझ्याकडे, धोतरा उपटून तसाच डोळा चोळलेल्या. त्यांचं आठवडाभरात उतरतं. पण पाटलांच्या डोळ्याचा कोन मुळातच अरुंद. अशा डोळ्याची बाहुली मोठी झाली की वाट बंद पडते. हे मी त्यांना मालेगावच्या शिबिरात सांगितलं होतं. नवरा-बायको दोघंच आले होते. म्हटलं, लेसरनं बारीक छिद्र पाडून घ्या, धोका टळेल. तोवर बाहुली मोठी होईल असं काही डोळ्यात जाऊ देऊ नका. पाटील हसले. म्हणाले, माझ्या डोळ्याला घरचं काजळ आहे."

"आणि त्यांची बायको?"

"त्यांना दुसऱ्या जातीचा काचबिंदू. तो दुखत नाही, लाल होत नाही, गुपचूप कडेकडेनं नजर खातो. गेलेली परत मिळत नाही, उरलेली थेंबांनी टिकते. रोज, जन्मभर. बाई पुन्हा आल्याच नाहीत. तुम्ही चाळिशी ओलांडलीत का?"

"का?"

"दाब तपासून घ्या वर्षातून एकदा."

साधनानं 'हो हो' म्हणत फोन कापला. जमादार खिडकीबाहेर बघत होते, फार भक्तिभावानं.

*

जगदेव पाटील वसरीतल्या पलंगावर बसला होता. डाव्या डोळ्यावर पट्टी. उजव्या डोळ्यात, दवाखान्यातून नुकत्याच आलेल्या माणसाच्या, अजूनही काजळाची रेघ. बारीक, सरळ, पापणीच्या कडेनं ओढलेली.

सून रूपालीनं चहा आणला. जगदेवनं बशी उचलली तशी ती हातात खडखडली आणि चहा पायजम्यावर सांडला. त्यानं बशीलाच शिवी दिली.

"दुखायला कधी लागलं?" साधनानं विचारलं.

"सोमवारी. दिवे लागाच्या टायमाले."

"त्याच्या आधी काहीच नाही?"

"आठवडाभर बल्बाभोवती रंगीत कडं दिसे. इंद्रधनुष्यावानी. डोकं जरासं दुखे. मले वाटलं उन्हाचं."

"त्या आठवड्यात वावरात गेला होता? काही उपटलं, निंदलं?"

"मी?" जगदेव दुखावला. "मॅडम, इया-खुरपं धरून मले जमाना झाला. मी धुऱ्यावर खुर्ची टाकून बसतो. हात मजुराचे, डोळे माझे." मग आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं.

"संगीता घरात कधी आली?"

"सोमवारी सकाळी. इथंच, वसरीत. काजळाची डबी या कोनाड्यात असते. तिनंच धोतरा कालवला तिच्यात."

"तुम्ही पाहिलं?"

"पाह्यलं असतं तं डोळा गेला असता का?"

"सोमवारच्या आधी ती कधी आली?"

"गेल्या तुरीपासून तिनं पाय नाही ठेवला इथं. भलाई केली मी तिची, तं पायच ठेवत नाही."

"कोणती भलाई?"

"तुरीची काडी लागली होती डोळ्याले. मी काजळ देलं. फुकट."

हरीओमनं कोनाड्यातली पितळी डबी तिच्यासमोर आदळली. "घ्या. तपासा. पिढ्यान् पिढ्या काजळ आहे आमच्यात. एरंडीच्या तेलाचा दिवा, घरचं तूप. बाबाले आजवर चष्मा नाही लागला."

रूपालीच्या कडेवरची पोरगी डबीकडे झेपावली. दोन्ही डोळ्यांत पापण्या जड व्हाव्यात इतकं काजळ, कपाळावर तीट.

"हिला कोणत्या डबीतलं घालता?" साधनानं विचारलं.

"याच्याच. एकच तं डबी आहे घरात."

"सोमवारी घातलं?"

"हाव. सोमवारी, अन् मंगळवारी बाबाले अकोल्याले नेलं त्या दिवशी बी. कालपासून यांनी डबीले हात लावू देला नाही." रूपालीनं नवऱ्याकडे पाहिलं. "आधी आईच घालत हिले. लय गोड घालत. आता आठवडा-पंधरा दिवस झाले, पोट्टीले हातच लावत नाहीत. जवळ गेली तं हाकलतात. दिसत नाही ना त्याईले, हातून पडीन म्हून भेतात."

आई, म्हणजे सोजरबाई, आतल्या दारात सूप घेऊन बसली होती. पोलिसांना पाहून ती उठली आणि शेजारच्या पाटाला अडखळली. पाटावरचा तांब्या गडगडत अंगणात गेला.

"माय, पाहून चाल ना!" हरीओम खेकसला. "आंधळी झाली निरा."

"दिसत नाही तिले," जगदेव म्हणाला. बशीबद्दल बोलला होता त्याच सुरात.

सोजरबाई पुन्हा बसली. सुपातल्या तुरीच्या डाळीतून तिनं एक खडा उचलला, बाजूला टाकला. मग दुसरा. साधना तिच्यासमोर उकिडवी बसली. बाईचे हात पांढरे स्वच्छ, कामानं झिजलेले. फक्त करंगळ्यांची नखं काळी होती, दोन्ही हातांची.

"सोजरबाई, संगीता आली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"मी कुठं असीन? घरात."

"काही ऐकलं?"

"सगळं. तिचा आवाज मोठा आहे. मोठाच पाह्यजे."

"तिनं डबीला हात लावला?"

"मले कोन इचारते?" बाईनं तिसरा खडा टाकला. "ते सांगतात तसं असीन."

"काडी लागली तेव्हा तिला काजळ कोणी दिलं?"

"देलं यानं," सोजरबाई म्हणाली. मान वर केली नाही. "केलेलं माझं होतं."

*

तांडा गावापासून हाकेवर. पिवळं पडू लागलेलं सोयाबीन दोन्ही बाजूंनी. संगीताच्या घरामागं उकिरडा, आणि उकिरड्यावर धोतऱ्याचं झाड, पांढऱ्या भोंग्यांसारख्या फुलांचं.

"मॅडम," जमादारांनी हळूच दाखवलं.

"काय दाखवून राह्यले रे बापा?" संगीताची सासू रामीबाई दारातूनच गरजली. "धोतरा? तो तं सरपंचाच्या संडासामागंबी आहे. त्यालेबी धरा. बेलाच्या झाडाखाली आहे. महादेवालेबी धरा."

संगीता बाहेर आली. तिशीची, उंच. उजवा डोळा तेजदार. डाव्या डोळ्याच्या काळ्या भागावर पांढरं फूल पडलेलं, खडूनं पुसल्यासारखं.

"मीच म्हटलं," ती उभ्या उभ्याच बोलू लागली. "तुझाबी डोळा जाईन. आजबी म्हणते. आणा त्याले इथं, तोंडावर म्हणते."

"काय झालं होतं ते सांग आधी."

"तूर सोंगून राह्यलो होतो. वाळलेली काडी कच्‌कन लागली. पाणी गळे, उजेड सोसे ना. मी म्हटलं, दवाखान्यात जाते. हा धुऱ्यावरून म्हणे, थ्रेशर उभं आहे, आज गेली तं पुन्हा वावरात पाय ठेवू नको. म्हणे, काजळ घाल, थंड पडते. घातलं. रोज घातलं. डोळा सडून गेला बाई. अकोल्याचा डॉक्टर म्हणे, काडीसंगं बुरशी गेली होती आत, साध्या स्वच्छ पाण्यानं धुऊन तशीच आली असती तं वाचला असता. चोळाचा नव्हता, काहीच घालाचं नव्हतं." तिचा आवाज फुटला नाही, तो आणखी कडक झाला. "मले हे कोनी सांगतलंच नव्हतं. मी तं पाटील सांगते म्हून घातलं."

"मग सोमवारी का गेलीस?"

"नेत्रपेढीत माझं नाव लागलं. मेल्या माणसाचा डोळा बसवतात ना, त्याच्यासाठी. मी सांगाले गेली, का पाह्य, मले डोळा भेटून राह्यला, तुझा गेला तं तुले कोन देते ते पाहू."

"धोतरा घातलास?"

"बुद्धी असती तं घातला असता."

"अगं ए!" रामीबाई ओरडली. "पोलीस आहे ती!"

"पोलीस आहे म्हून खरं सांगून राह्यली."

त्याच वेळी संगीताचा फोन वाजला. तिनं ऐकलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. फोन साधनाच्या हातात दिला. पलीकडे दवाखान्यातली सिस्टर होती.

"संगीता धनराज यांच्यासाठी बुबुळ आलंय. आज संध्याकाळपर्यंत भरती व्हायला सांगा. उद्या सकाळी ऑपरेशन. आल्या नाहीत तर पुढच्या नावाला द्यावं लागेल, ते ठेवता येत नाही फार."

साधनानं फोन परत दिला. जमादारांचा फोन त्याआधीच वाजून गेला होता. ते तिला बाजूला घेऊन म्हणाले, "वरून निरोप आहे. हरीओमनं कोनालेतरी फोन लावला. संशयिताले जिल्ह्याबाहेर जाऊ द्यायचं नाही."

अकोला जिल्ह्याबाहेर होतं.

"कोन जाणार नाही?" संगीतानं ऐकलं होतं. ती जमादारांच्या अंगावर आली. "एक डोळा त्यानं खाल्ला. दुसऱ्यांदा तुमी खाणार?"

 साधनानं हातातली तक्रार गुंडाळली. कागदाची नळी झाली. ती नळी तिनं एका डोळ्याला लावली, दुसरा मिटला, आणि तशीच अंगणात चालू लागली. समोरची रामीबाई तिला स्वच्छ दिसत होती, नाकातल्या मोरणीसकट. बाजूची बाज दिसली नाही. नडगीला लागली तेव्हा कळली.

"मॅडम?" जमादार घाबरले.

"चला," नडगी चोळत साधना म्हणाली. "संगीता, तूही चल. कपड्याची पिशवी घे सोबत."

"कुठं?"

"आधी पाटलाकडे."

*

वसरीत अर्धं गाव जमलं होतं. साधनानं जमादारांकरवी त्यांना रस्त्यापर्यंत मागं सारलं. आत उरली घरची माणसं आणि दारात उभी संगीता.

"बेड्या कुठी आहेत?" हरीओमनं विचारलं.

"बसा. तुमच्या फिर्यादीत लिहिलंय, संगीतानं सोमवारी डबीत धोतरा कालवला. त्याच डबीतलं काजळ सोमवारी तुमच्या पोरीच्या डोळ्यांत गेलं. मंगळवारीही गेलं. पोरीला काय झालं?"

रूपालीनं पोरीला घट्ट धरलं. "काहीच नाही."

"म्हणजे डबी स्वच्छ होती. पण पुन्हा घालू नका तिला. डबी कितीही घरची असली तरी बोटावर काय असतं ते कोणाला दिसत नाही." साधना जगदेवकडे वळली. "पाटील, तुम्हाला रंगीत कडं सोमवारच्या आधी आठवडाभर दिसत होतं. ती झटक्याची चाहूल होती. बाहुली आधीपासून मोठी होत होती. रोज थोडं थोडं. संगीता एकदाच आली. ज्यानं केलं तो रोज तुमच्याजवळ होता."

"घरचा?" हरीओम उठला. "मॅडम, तोंड सांभाळून..."

"तोंडावरूनच सांगते. काजळ दोन डोळ्यांत जातं. धोतरा एकाच डोळ्यात गेला. डबी तीच, माणूस तोच, मग एकच डोळा का? पाटलांनी वावरात हात घातला नाही, ते स्वतःच अभिमानानं सांगतात. म्हणजे कोणीतरी उजव्या डोळ्याला एक बोट लावलं आणि डाव्याला दुसरं. पाटील, तुम्हाला काजळ कोण घालतं?"

"कोन म्हणजे?"

"बशी तुमच्या हातात राहत नाही. आणि ही रेघ पाहा. बारीक, एका दमात ओढलेली. तुमच्या हाताची नाही ती. तुम्ही सगळं सांगितलं मला, पण काजळ कोण घालतं ते नाही सांगितलं. का?"

जगदेव गोंधळला. खरोखर गोंधळला. दिवस उजाडतो तसं काजळ घातलं जात होतं. त्यात कोणी माणूस असतो हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"सोजरी घालते," तो म्हणाला. "पण तिले तं..."

"माय आंधळी आहे!" हरीओम ओरडला. "साऱ्या गावाले माहीत आहे!"

"साऱ्या गावाला चुकीचं माहीत आहे. हा काचबिंदू कडेनं खात येतो, मधलं शेवटपर्यंत ठेवतो. शेजारचा पाट दिसत नाही, म्हणून त्या अडखळतात. तुम्ही कडेला उभं राहून बोलता, म्हणून तुम्हाला वाटतं आंधळी. समोर धरलेल्या सुपातला खडा दिसतो. समोर धरलेला चेहराही दिसतो." साधनानं सोजरबाईकडे पाहिलं. "काजळ घालायला एक करंगळी लागते. तुमच्या दोन्ही काळ्या आहेत. आणि नातीला जवळ घेत नव्हता ते हातून पडेल म्हणून नाही. हाताचं तिच्या डोळ्याला लागेल म्हणून."

रूपालीच्या तोंडून आवाज निघाला, अर्धा हुंदका, अर्धा काहीतरी दुसरं.

"शिबिरात डॉक्टर बोलले ते दोघांनीच ऐकलं होतं," साधना म्हणाली. "पाटील हसले. तुम्ही लक्षात ठेवलं."

सोजरबाईनं सूप खाली ठेवलं. डाळ न सांडता, नीट.

"मागच्या भिताडातल्या देवळीत पणती आहे," ती म्हणाली. "नेऊन घ्या. धोतऱ्याच्या पानाचा रस अन् काजळ. उजवी करंगळी डबीत. डावी पणतीत. तो वर पाहून बसते, त्याले काय समजते?"

"माय!"

"तू गप रे. तुले कवा दिसली मी, आज दिसून राह्यली?" मग तिनं मान पूर्ण वळवून नवऱ्याला समोर घेतलं. "थेंब सरले माझे. मी म्हटलं, आणा. तुमी म्हटलं, तुले कुठं पोथ्या वाचाच्या आहेत, काजळ घाल. एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं. मग म्हणणं सोडलं. माझ्याच घरात माझ्या दोन्हीकडून भिंती सरकत आल्या. चूल दिसे, तं चुलीजवळचं पोट्टं दिसे ना. तुमी सांगत फिरले, सोजरी आंधळी झाली म्हून, जशी म्हैस आटली."

"मी तुले काय कमी केलं?" जगदेव कसाबसा म्हणाला.

"माझं मी सोसलं असतं." तिनं दाराकडे बोट केलं. "ही पोरगी फूल पडल्यावर मागच्या दारानं आली होती माझ्याकडं. भांडाले नाही. म्हणे, सोजरमाय, काजळ तं तुमचं होतं ना, चांगलं होतं ना? काय सांगू तिले? माझ्या हाताचं तुमी नेलं अन् तिचा डोळा जाळला. माझा हात होता तो. मंग मी म्हटलं, याच हातानं फेडीन."

"त्या सांजेला," साधनानं विचारलं, "तुम्हाला कळलं होतं?"

"कळलं ना. डोकं भिताडावर आपटे. हरीओम म्हणे, अकोल्याले नेऊ. हा म्हणे, पित्त आहे, सकाळी पाहू. मी जवळ गेली. म्हटलं, काजळ घालू का, थंड पडते." तिनं डावी करंगळी मुठीत घेतली. "हाव म्हणे."

 जगदेवचा उजवा हात पट्टीकडे गेला.

"दुसऱ्या डोळ्यात का नाही घातलं?" साधनानं विचारलं.

"तो ठेवला त्याले. माझ्याबिगर घर कसं चालते ते पाहाले."

जमादार देवळीतून पणती घेऊन आले, रुमालात धरून, हातभर लांब. साधनानं पंचनामा लिहायला घेतला. काही वेळानं जमादारांनी न विचारताच आपला चष्मा तिच्यासमोर ठेवला.

"सोजरबाई, हा गुन्हा आहे," ती लिहिता लिहिता म्हणाली. आवाज तिला हवा तेवढा कोरडा आला नाही. "मला तुम्हाला न्यावं लागेल."

"न्या ना. मी कुठं नाही म्हटलं?"

"आणि पाटील, संगीताची फिर्याद मी आजच लिहून घेणार आहे. दवाखान्यात जाऊ दिलं नाही, त्याची."

"माझा डोळा गेला अन् फिर्याद माझ्यावर?" जगदेव म्हणाला.

"डोळ्याची वेगळी. ही वेगळी."

हरीओम पायरीवर बसला होता, गुडघ्यात डोकं घालून. रूपालीनं पदरानं पोरीच्या डोळ्यांतलं काजळ पुसलं. मग सासूसमोर, अगदी समोर, जाऊन उभी राहिली आणि पोरीला पुढे केलं. सोजरबाईनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"धुऊन या आधी," रूपाली म्हणाली. "साबणानं. मी थांबते."

सोजरबाई मोरीवर गेली. बराच वेळ हात घासत राहिली. मग तिनं नातीला घेतलं.

*

जीप एकच होती. मालेगाव एका बाजूला, अकोला दुसऱ्या.

"मॅडम, आरोपी आधी ठाण्यात," जमादार म्हणाले. "मंग बाईले बसनं..."

"बस कधी येते?"

जमादारांनी रस्त्याकडे पाहिलं. 

"खरा आरोपी सापडला, आता जिल्ह्याबाहेर जायला हिला कोण अडवतं? आरोपीची डोळ्यांची तपासणीही लागेल कोर्टात. डॉक्टर अकोल्यातच आहेत. तसं कळवून टाका ठाण्याला," साधना म्हणाली. "गाडी अकोल्याकडे घ्या."

मागच्या सीटवर सोजरबाई आणि संगीता शेजारी शेजारी बसल्या. गाडी पातूरच्या घाटाला लागली. साधना पुढे बसली होती. आरशात बघायचं नाही असं ठरवून ती आरशात बघत होती.

"मी सांगतलं नव्हतं तुमाले असं कराले," शेवटी संगीता म्हणाली.

"नाही सांगतलं."

"माझं नाव आलं ना त्याच्यात. आज माझी वेळ गेली असती."

"हाव. ते चुकलं माझं. तू सोमवारीच येशीन शिव्या द्याले, हे मले काय माहीत?" सोजरबाई म्हणाली. "शिव्या मात्र झकास देल्या तू. मी चुलीपाशी बसून ऐकल्या. एकबी वाया गेली नाही."

संगीता हसली नाही. पण तिचा खांदा सोजरबाईच्या खांद्याला टेकला, आणि तिनं तो काढून घेतला नाही.

"ऑपरेशन झालं का पट्टी सुटाले टाइम लागते म्हणतात," संगीता खिडकीकडे बघत म्हणाली. "सुटू दे. मी पह्यले घरी नाही जाणार. पह्यले तुमच्या वसरीसमोर उभी राहीन. काही बोलणार नाही. त्याले बसलेला पाहीन, दोन्ही डोळ्यांनी. मन भरेपर्यंत."

पुढे जमादार खाकरले. साधनानं ड्रायव्हरला गाडी जरा जोरात घ्यायला सांगितली.

सोजरबाईनं मान वळवली, पूर्ण, संगीताचा सगळा चेहरा समोर येईपर्यंत.

"जाशीन तं," ती म्हणाली, "माझ्या वाटचंबी पाहून घेजो."